घाटवाटेवरील देव आणि इतिहासाची साधने : बोरघाटातील शिंग्रोबा व वडगावचा इष्टुर फाकडा

प्रस्तावना

आषाढ-श्रावणात सह्याद्रीच्या घाटांत सहलीला जाण्याची प्रथा महाराष्ट्राच्या नागरी जीवनात चांगलीच रुळली आहे. चार-सहा मित्र सकाळी निघतात, धुके आणि धबधबे पाहतात, टपरीवर गरम भजी खातात आणि दिवेलागणीपर्यंत घरी परततात. या प्रवासात एक थांबा बहुधा रस्त्याच्या कडेला असलेल्या एखाद्या लहान देवळाचा असतो. वरंधा घाटात वाघजाई आहे, इगतपुरीजवळ घाटनदेवी आहे, ताम्हिणीत विंझाई आहे. आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना शिंग्रोबा आहे. पावसापासून आडोसा म्हणून थांबलेला प्रवासीही तेथे हात जोडतो. ज्याला थांबायला सवड नाही, तो चालत्या वाहनातून नाणे टाकतो व पुढे जातो.

या देवांपैकी अनेकांना पुराणांत स्थान नाही, आणि शिंग्रोबाला तर इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांतही नाही. तो राम-कृष्णांसारखा अवतार नाही, ज्ञानेश्वर-तुकारामांसारखा संत नाही, किंवा एखाद्या राजघराण्याचा कुलस्वामीही नाही. लोककथेप्रमाणे तो एक धनगर होता. त्याने इंग्रजांना घाटातली वाट दाखविली आणि त्याचे बक्षीस म्हणून त्याला बंदुकीची गोळी मिळाली. याच रस्त्याने घाटमाथा ओलांडून पुढे गेले की वडगाव मावळ येथे दुसरे असेच विलक्षण स्थान आहे. तेथे समाधी आहे ती एका इंग्रज कप्तानाची, आणि स्थानिक भाविकांनी तिलाही देवस्थानाचा मान दिलेला आहे.

एका दिवसाच्या सहलीत पाहता येणाऱ्या या दोन स्थानांचा एकत्र विचार करून, वाटेवरच्या देवांकडे इतिहासाचे साधन म्हणून कोणत्या मर्यादेत पाहता येईल, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

घाटवाट, पावसाळा आणि वाटेवरचे देव

कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या घाटवाटांचा इतिहास किमान दोन हजार वर्षे मागे जातो. जुन्नरजवळील नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे, आणि घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीसाठी होता अशी परंपरा सांगितली जाते. बोरघाटाच्या माथ्यावरून पूर्वेकडे निघाले की कार्ले, भाजे व बेडसे या लेण्यांचा समूह लागतो. कार्ल्याच्या चैत्यगृहातील दात्यांच्या लेखांत धेनुकाकट येथील यवनांचाही उल्लेख आहे. व्यापारी तांड्यांच्या दानावर उभ्या राहिलेल्या या लेण्यांवरून त्या काळी या भागातून रहदारी किती मोठी असावी याची कल्पना येते. चैत्यगृहाच्या दारातच एकवीरा देवीचे मंदिर आहे आणि तिच्या दर्शनासाठी मुंबईच्या किनाऱ्यावरील कोळी समाज आजही घाट चढून येतो. लेणी कोरणाऱ्यांचा धर्म या परिसरातून मागे सरला. वाट आणि वाटेवरची उपासना मात्र टिकून राहिली.

या संबंधाकडे विद्वानांचे लक्ष वेधण्याचे मोठे श्रेय दामोदर धर्मानंद कोसंबी यांना द्यावे लागते. 'मिथ अँड रिअॅलिटी' (१९६२) या ग्रंथातील मातृदेवतांविषयीच्या निबंधात त्यांनी आरंभ केला तो 'मृच्छकटिक' नाटकातील एका प्रसंगापासून. त्या प्रसंगात चारुदत्त आपल्या मित्राला चव्हाट्यावर जाऊन मातृकांना बळी ठेवून येण्यास सांगतो. हा बळी चव्हाट्यावरच का, असा प्रश्न कोसंबींनी उपस्थित केला, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी ते पुण्याच्या आसपासच्या वाटा पायी तुडवीत गेले. गावाबाहेरच्या अनेक शेंदऱ्या देवस्थानांजवळ त्यांना अश्मयुगीन सूक्ष्मास्त्रे सापडली. पशुपालकांच्या हंगामी भटकंतीच्या वाटा जेथे एकमेकींना छेदत, तेथे ही स्थाने निर्माण झाली आणि पुढे त्याच वाटा व्यापारी मार्ग झाल्या, असे प्रतिपादन त्यांनी केले. गुंथर सोंथायमर यांनी पश्चिम भारतातील पशुपालकांच्या देवतांवर लिहिलेल्या ग्रंथात (मूळ जर्मन १९७६, इंग्रजी अनुवाद १९८९) बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या उपासनेचा धनगरांच्या स्थलांतराशी असलेला संबंध सविस्तर दाखविला.

या स्थलांतराचे गणित पावसावर बसविलेले होते. मेंढरांना अतिवृष्टी मानवत नाही. त्यामुळे दसरा-दिवाळीनंतर कोकणात उतरलेले मेंढपाळ मृगाच्या आत देशावर परत येत. खुद्द घाटाच्या रानात म्हशी पाळून वर्षभर राहणारे गवळी धनगर वेगळे. घाटातला ओढा, कडा, पाणवठा आणि जनावर उतरू शकेल अशी सोंड यांची माहिती या दोन्ही गटांइतकी दुसऱ्या कोणाला असणे कठीण होते. मीठ आणि धान्य वाहणारे लमाणांचे बैलतांडे पावसाळ्यात थांबत. मराठ्यांच्या फौजाही चार महिने छावणी करून दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी बाहेर पडत. थोडक्यात, एकोणिसाव्या शतकापर्यंत पावसाळा हा घाट चढण्याचा नव्हे, तर घाट टाळण्याचा काळ होता. आजची वर्षासहल ही निसर्गाने दिलेली सोय नसून बांधलेल्या रस्त्याने दिलेली सोय आहे, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

शिंग्रोबाची कथा

शिंग्रोबाची कथा थोडक्यात अशी सांगितली जाते. इंग्रजांना मुंबईहून पुण्याकडे रस्ता काढावयाचा होता. काही सांगणारे रस्त्याऐवजी रेल्वेमार्ग म्हणतात. साहेबांचे अभियंते दुर्बिणी आणि साखळ्या घेऊन रानात फिरत होते, पण त्यांना वाट सापडेना. तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपली गुरे ज्या वाटेने चढतात ती वाट त्यांना दाखविली. वाट पसंत पडली. साहेबाने बक्षीस काय हवे म्हणून विचारले. कथेच्या एका रूपात शिंग्रोबाने 'आमच्या देशाला स्वातंत्र्य द्या' असे उत्तर दिले आणि चिडलेल्या साहेबाने त्याला गोळी घातली. दुसऱ्या रूपात वाटेचे गुपित आणखी कोणाला कळू नये म्हणून त्याला मारले. ज्या जागी तो पडला असे मानतात, तेथे त्याचे देऊळ उभे आहे. घाटातून जाणारा त्याची वाट वापरतो, म्हणून त्याला नाणे देतो.

हे नाणे लक्षात घेण्यासारखे आहे. साधारणपणे देवाला दक्षिणा द्यावयाची ती दर्शन घेऊन, नवस फेडताना किंवा उत्सवात. येथे दर्शनाशिवाय, वाहन न थांबविता नाणे टाकले जाते. त्यामुळे त्याचे स्वरूप दक्षिणेपेक्षा वाटहशिलाचे अधिक आहे. ज्याला त्याच्या कामाचा मोबदला मिळाला नाही, त्याला तो वाट वापरणाऱ्या प्रत्येकाने थोडाथोडा चुकता करावयाचा, असा या चालीचा अर्थ कथेच्या संदर्भात लावता येतो.

कथेची ऐतिहासिक छाननी करू लागले की अडचणी लगेच पुढे येतात. बोरघाट इंग्रजांना एकोणिसाव्या शतकात 'सापडला' हे म्हणणे टिकत नाही, कारण त्यापूर्वीच त्यांची फौज या घाटाने चढून गेलेली होती. स्वातंत्र्याची मागणी ज्या शब्दांत कथेत येते, ती भाषा राष्ट्रीय चळवळीच्या काळातील आहे. एवढ्यावरून ही कथा निराधार ठरवून बाजूला सारणे सोपे आहे, आणि तसे बहुधा केलेही जाते. परंतु त्याआधी घाटाविषयीची कागदपत्रे काय सांगतात व काय सांगत नाहीत, हे पाहणे आवश्यक आहे.

कागदपत्रांतील बोरघाट

इंग्रजी अमदानीतील बोरघाटाच्या इतिहासात काही नावे ठळकपणे येतात. १८०४ मध्ये जनरल वेलस्ली याने लष्करी गरजेसाठी घाटातील वाट सुधारून घेतली. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत चाकाच्या गाड्यांसाठी योग्य असा रस्ता तयार झाला आणि नोव्हेंबर १८३० मध्ये तो खुला करण्यात आला. कोकण आणि देश यांमधील भिंत पडली, अशीच त्या काळच्या राज्यकर्त्यांची भावना होती. माल्कमचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये आहे.

पुढे आली ती रेल्वे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याच्या आराखड्यानुसार १८५६ मध्ये घाटातील काम सुरू झाले व २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरच्या चढात १,८३१ फूट उंची गाठण्यासाठी पंचवीस बोगदे खोदावे लागले. पावसाळ्यात उघड्यावरील कामे बंद पडत आणि बोगद्यांतील खोदकाम तेवढे चालू राही. जानेवारी १८६१ मध्ये मजुरांची संख्या सुमारे ४२,००० पर्यंत गेली होती. पटकीच्या साथींनी या मजुरांच्या वस्त्यांत मोठी प्राणहानी केली. भारतीय रेल्वेच्या बांधकामावरील इयन केर यांच्या अभ्यासात (१९९५) या कामगारवर्गाचे तपशीलवार चित्र आढळते.

या कामाच्या इतिहासातील एक घटना शिंग्रोबाच्या कथेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. पहिला कंत्राटदार विल्यम फेव्हिएल याच्याकडे काम असताना जानेवारी १८५९ मध्ये घाटातील मजुरांचा उठाव झाला. मजुरी थकल्यामुळे मजूर चिडलेले होते. या दंग्यात एक युरोपीय मारला गेला आणि त्यानंतर झालेल्या चौकशीत थकलेल्या मजुरीचा प्रश्न पुढे आला. त्याच वर्षी फेव्हिएलने कंत्राट सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची पत्नी अॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राटाची जबाबदारी स्वीकारून काम पूर्णत्वास नेले.

कागदपत्रांतून गव्हर्नर, अभियंता, कंत्राटदार आणि कंत्राटदाराची विधवा यांची नावे मिळतात. मजुरांचा मात्र आकडाच मिळतो. ज्यांनी सुरुंग पेरले, दोरीने कड्यावर लोंबकळून खडक फोडला, पाठीवर माती वाहिली, ते बेचाळीस हजार लोक इतिहासात संख्या म्हणून उरले आहेत. ज्यांनी आरेखनाच्या वेळी अभियंत्यांना रानातून फिरविले, ओढे कोठे फुगतात आणि दरड कोठे सुटते हे सांगितले, त्या वाटाड्यांची तर संख्याही उरलेली नाही. अशा वाटाड्यांशिवाय सह्याद्रीत सर्वेक्षण होणे अशक्य होते, हे वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही. मुख्य वाट माहीत असणे आणि तिच्या आजूबाजूची प्रत्येक सोंड माहीत असणे यांत मोठे अंतर आहे. बैलतांडा ज्या वाटेने चढतो, त्या वाटेने तोफगाडा चढत नाही. आणि तोफगाडा चढतो तेथून आगगाडी चढत नाही.

इष्टुर फाकडा : पडताळणीची संधी

वाटाड्याची कथा कागदावर तपासता येत नाही. परंतु त्याच रस्त्यावरील दुसऱ्या देवस्थानाची कथा तपासता येते, आणि म्हणूनच वडगावच्या समाधीचा येथे विचार करणे उपयुक्त ठरते.

रघुनाथरावाला पेशवाईच्या गादीवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी १७७८ च्या अखेरीस पुण्यावर चाल केली. ही मोहीम निघाली ती पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात. तिच्यातील आघाडीची तुकडी बोरघाट चढून आली; तिच्यात कॅप्टन जेम्स स्टुअर्ट हा धाडसी अधिकारी होता. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ तोफेचा गोळा लागून तो ठार झाला. पुढे इंग्रज फौज तळेगावपर्यंत आली, तेथून माघार घेऊ लागली आणि वडगाव येथे महादजी शिंदे व नाना फडणीस यांच्या सैन्याने तिला कोंडीत पकडले. त्याच महिन्यात इंग्रजांना वडगावचा मानहानिकारक तह करावा लागला.

मराठ्यांनी या स्टुअर्टचे नाव 'इष्टुर' असे करून घेतले आणि त्याच्या शौर्याबद्दल त्याला 'फाकडा' ही पदवी दिली. हीच पदवी मराठ्यांचा स्वतःचा पराक्रमी सरदार मानाजी शिंदे यालाही होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शब्दातील गौरव कळतो. शत्रूच्या कप्तानाला आपल्या शूरांच्या पंक्तीत बसविण्याची ही उदारता मराठी परंपरेला अपरिचित नाही. परंतु लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. वडगाव मावळ येथे दाखविण्यात येणाऱ्या त्याच्या समाधीला भाविकांनी पूजास्थानाचे रूप दिले.

या उदाहरणात लिखित पुरावा आणि लोकस्मृती दोन्ही उपलब्ध असल्यामुळे स्मृतीने काय जपले आणि काय बदलले हे समोरासमोर ठेवून पाहता येते. स्मृतीने मनुष्य खरा जपला, त्याचा परकेपणा जपला, त्याचे शौर्य व रणातील मृत्यू जपला आणि तो मृत्यू कोणत्या मुलखात झाला हेही जपले. तिने बदलले ते नाव; मोहिमेचे राजकारण विसरले; आणि मृत सैनिकाला देव केले. गाभा राहिला, तपशील घडत गेले. लोकस्मृती सर्वत्र अशीच वागते असा नियम एका उदाहरणावरून सांगता येणार नाही. तथापि एकाच रस्त्यावर, एकाच प्रकारच्या समाजात आणि शतकभराच्या आतल्या अंतराने घडलेल्या दोन घटनांच्या बाबतीत, एकीवरून दुसरीचा अंदाज घेणे गैर ठरणार नाही.

दोन देवस्थाने, एक तत्त्व

वाटेवर अकाली मृत्यू आलेल्या मनुष्याला देवत्व देण्याची परंपरा महाराष्ट्रात फार जुनी आहे. गुरे सोडविताना किंवा गावाचे रक्षण करताना पडलेल्यांचे वीरगळ गावोगावी आढळतात. एस. सेत्तार व सोंथायमर यांनी संपादित केलेल्या स्मृतिशिळांवरील ग्रंथात (१९८२) या परंपरेचा भारतभरचा विस्तार नोंदविलेला आहे. अपुऱ्या आयुष्याचा, दुखावलेला आत्मा त्या जागी वावरतो. त्याला मान दिला तर तो वाटसरूचे रक्षण करतो, न दिला तर बाधा करतो, ही त्यामागची धारणा आहे. या धारणेत मृताची जात, धर्म किंवा पक्ष यांना महत्त्व नसते. महत्त्व असते ते त्याच्या मृत्यूच्या स्वरूपाला. म्हणूनच इंग्रजांनी मारलेला धनगर आणि मराठ्यांनी मारलेला इंग्रज हे दोघेही एकाच रस्त्यावर, एकाच न्यायाने देव होऊ शकले.

या दृष्टीने शिंग्रोबाच्या कथेकडे पाहिले असता तिच्यात निरनिराळ्या काळांचे थर दिसू लागतात. सर्वांत खालचा थर घाटातील पशुपालकांच्या उपासनेचा आहे. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्याप्रमाणेच 'शिंग्रोबा' हे नाव घडलेले आहे आणि ते या दैवतांच्या कुळात सहज बसते. त्यावरचा थर रस्ता आणि रेल्वे यांच्या बांधकामाच्या अनुभवाचा आहे. वाट दाखविली, कष्ट केले, मोबदला मागितला आणि मोबदल्याऐवजी हिंसा मिळाली, हे त्या थराचे सार. १८५९ मध्ये मजुरीसाठी उठलेल्या घाटातील मजुरांचा अनुभव याहून फारसा वेगळा नव्हता. त्या उठावातूनच ही कथा निघाली असा दावा येथे करावयाचा नाही. परंतु ज्या घाटात मजुरी थकविल्याची अधिकृत चौकशी झाली, त्याच घाटात न मिळालेल्या बक्षिसाची कथा दीडशे वर्षांनंतरही सांगितली जाते, हा योग दुर्लक्ष करण्यासारखा नाही. सर्वांत वरचा थर स्वातंत्र्याच्या मागणीचा. येथे राष्ट्रीय चळवळीने जुन्या कथेला नवी भाषा दिली आणि वाटाड्याचा हुतात्मा झाला.

थर ओळखता आले म्हणजे कथेवरील मुख्य आक्षेपाचे स्वरूपही बदलते. 'शिंग्रोबा खरोखर होऊन गेला काय?' हा प्रश्न विचारला की उत्तर एकाच शब्दात येते आणि चर्चा तेथे संपते. 'ही कथा कोणत्या अनुभवाची साक्ष आहे?' हा प्रश्न विचारला की ती बांधकामाच्या इतिहासाशी जोडली जाते. कॅप्टन स्टुअर्टला कागदपत्रांनी जपले, म्हणून त्याची कथा थोडी बिघडली तरी चालण्यासारखे होते. दुरुस्त करायला कागद होता. वाटाड्याला मात्र कथेशिवाय दुसरा आधार नव्हता. त्यामुळे एकाच माणसाच्या अंगावर अनेकांचे अनुभव चढविले गेले असण्याची शक्यता अधिक. शिंग्रोबा एक होता की अनेक, यापेक्षा त्या 'अनेकां'साठी घाटात दुसरे कोणतेही स्मारक लोकांना ठाऊक नाही, ही वस्तुस्थिती अधिक बोलकी आहे.

या विवेचनाला एक मर्यादाही आहे आणि ती स्पष्टपणे सांगितली पाहिजे. लोककथेतील अन्याय हा प्रत्येक वेळी इतिहासातील अन्यायाचे प्रतिबिंब असतोच असे नाही. पूल, धरण, किल्ला यांसारख्या मोठ्या बांधकामासाठी एखाद्याचा बळी गेल्याच्या कथा अनेक देशांत सांगितल्या जातात, आणि त्यांतील काही कथा केवळ साच्यातून आलेल्या असतात. शिंग्रोबाच्या कथेतही हा साचा आहेच. पण या साच्यात बळी देवाला दिला जातो किंवा पाया टिकावा म्हणून दिला जातो. शिंग्रोबाला मारले जाते ते मोबदला मागितल्यावर किंवा ज्ञान दिल्यावर. साच्यापासून कथा जेथे दूर जाते, तेथेच तिच्यातील स्थानिक अनुभव शोधावा लागतो.

आजचा प्रश्न

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि घाटातील वेगवान वाहतुकीचा मोठा भाग जुन्या रस्त्यावरून तिकडे वळला. द्रुतगती मार्गावर वाहन थांबविण्यास मज्जाव आहे. तेथे वाटेतला देव असण्याची सोयच नाही. ज्यांच्या प्रवासात जुना रस्ता येत नाही, अशी एक पिढी आता तरुण झाली आहे. तिला शिंग्रोबा भेटतो तो पावसाळी सहलीत, मुद्दाम जुन्या रस्त्याने गेल्यावर.

दुसरीकडे, २९ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्त्यांवर नवी अनधिकृत धार्मिक बांधकामे होऊ देऊ नयेत असा आदेश दिला, आणि आधीपासून असलेल्या बांधकामांचा विचार राज्यांनी एकेक प्रकरण पाहून करावा असे सांगितले. रहदारीच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने या आदेशाची गरज नाकारता येत नाही. रस्त्याची जागा अडविण्यासाठी देवाचे नाव पुढे करण्याचे प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत. तथापि रस्ता रुंद करताना कोणते स्थान काल उभे राहिले आणि कोणते दोनशे वर्षांच्या वाटेची खूण आहे, हा विवेक करण्यासाठी हाताशी नोंदी असाव्या लागतात. अधिकृतता पाहणारा अधिकारी बांधकामाची तारीख विचारतो. शेंदऱ्या तांदळ्याला तारीख नसते. तो उचलून शंभर पावलांवर नव्या फरशीच्या देवळात बसविला की मूर्ती वाचते, पण वळण, पाणवठा, गावशीव किंवा मृत्यूची जागा यांच्याशी असलेला तिचा संबंध तुटतो. इतिहासाच्या दृष्टीने साधन होता तो हा संबंध.

या बाबतीत महाविद्यालयांना करता येण्यासारखे काम पुष्कळ आहे आणि ते खर्चाचे नाही. इतिहास, मराठी, समाजशास्त्र व भूगोल या विभागांच्या सहली पावसाळ्यात घाटांकडे जातातच. अशा सहलीत आपल्या तालुक्यातील वाटेवरच्या स्थानांची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. स्थानाचे लोकांच्या तोंडी असलेले नाव, देवतेचे रूप, वाट, ओढा व शीव यांच्या संदर्भात जागा, पूजेचा मान कोणाकडे, काय वाहण्याची चाल आहे, स्थान पूर्वी हलविले गेले काय, आणि सांगणाऱ्याच्या शब्दांत कथा, एवढ्या बाबी पुरेशा आहेत. कथेची दोन रूपे मिळाली तर दोन्ही लिहावीत. त्यांतील 'बरोबर' रूप निवडण्याची घाई करू नये. बक्षिसाबद्दलचे शिंग्रोबाचे उत्तर सांगणाऱ्यागणिक बदलते, आणि कथेचे थर उलगडतात ते या फरकामुळेच.

समारोप

बोरघाटाच्या इतिहासात माल्कम, बर्कली आणि ट्रेडवेल यांचे स्थान निर्विवाद आहे. त्यांच्या कर्तृत्वाला कमी लेखून शिंग्रोबाला मोठे करण्याची गरज नाही. प्रश्न आहे तो नोंदीच्या समतोलाचा. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांचा इतिहास कागदावर उतरला. ज्यांच्या हाती काठी आणि कुदळ होती त्यांचा उतरला नाही. तो उरला असेल तर वळणावरच्या एका देवळात, एका कथेत आणि चालत्या वाहनातून टाकल्या जाणाऱ्या नाण्यात. वडगावच्या इष्टुर फाकड्याचे उदाहरण असे दाखविते की, ही लोकस्मृती तपशिलात चुकत असली तरी गाभ्याशी बेइमान नसते.

आज धो-धो पावसात चार मित्र निर्धास्तपणे घाट चढू शकतात. त्यांच्या पणजोबांच्या पणजोबांना हे शक्य नव्हते. त्या चार महिन्यांत त्यांची वाट बंद असे. ही सोय ज्या रस्त्याने दिली, त्या रस्त्याची न चुकविलेली किंमत शिंग्रोबाच्या कथेत सांगितलेली आहे. नाणे टाकणाऱ्या प्रवाशाला हे ठाऊक असो वा नसो, त्याची कृती त्या देण्याची आठवण ठेवते. इतिहासाच्या अभ्यासकाने ते देणे निदान लिहून ठेवावे, एवढी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.